डच सागरी नकाशे

डच सागरी नकाशे : सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नेदर्लंड्समधील नकाशाकारांनी जहाजांच्या मार्गदर्शनासाठी तयार केलेले हस्तलिखित व छापील नकाशे. किनाऱ्याची रूपरेषा, बंदरे, नदीमुखे, खडक, वाळूचे दांडे, पाण्याची खोली व दिशा या गोष्टी त्यांत दाखविलेल्या असतात. आफ्रिका, अरबस्तान, भारत, आग्नेय आशिया व ऑस्ट्रेलिया यांच्या किनाऱ्यांची यूरोपीय वाचकांना प्रथम झालेली बरीचशी ओळख या नकाशांद्वारे झाली. महाराष्ट्राच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व दोन प्रकारचे आहे. कोकण किनारा त्यांत प्रत्यक्ष रेखाटलेला आहे. आणि नांदेडजवळून वाहणाऱ्या गोदावरीचे समुद्रमुख त्यांत असूनही खुद्द नदी मात्र दीर्घकाळ त्यांच्या व इतर यूरोपीय नकाशांच्या नजरेतून निसटली. सागरी नकाशाचे सामर्थ्य व त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी या उदाहरणावरून स्पष्ट होतात.

स्वरूप व रचना : सागरी नकाशा हा भूमीच्या नकाशाहून वेगळ्या हेतूने काढलेला असतो. खलाशाला जमिनीच्या आत काय आहे यापेक्षा जहाज कोठे रुतेल, नांगर कोठे धरेल व समुद्रातून किनारा कसा दिसेल हे जाणून घ्यायचे असते. त्यामुळे डच नकाशांत बंदरांची नावे किनाऱ्याशी काटकोन करून जमिनीच्या बाजूस लिहिली जात. समुद्राचा भाग मोकळा राहून तेथे खोलीचे आकडे व दिशारेषा दाखविता येत. जमिनीच्या अंतर्भागात जी जागा उरे ती शीर्षकाची चौकट, अंतराची मापपट्टी किंवा होकायंत्राचे दिशाचक्र यांसाठी वापरली जाई. उत्तर दिशा नेहमी वरच असे असेही नाही. लांब किनारा एका कागदावर बसावा म्हणून तो आडवा मांडण्याची पद्धत सर्रास होती.

पाण्याची खोली मोजण्यासाठी शिशाचा गोळा बांधलेली दोरी जहाजावरून सोडीत. गोळ्याच्या तळाशी चरबी लावलेली असे, तिला चिकटून आलेली वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचे तुकडे यांवरून तळ कसा आहे हे कळे. खोली वावांत मोजीत. दोन्ही हात पसरले असता होणारे अंतर म्हणजे एक वाव. डच वाव सुमारे १.७ मी. होता. अक्षांश हे सूर्याच्या किंवा ध्रुवताऱ्याच्या उन्नतीवरून बऱ्यापैकी अचूक काढता येत. रेखांश काढण्याचे खात्रीचे साधन मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत नव्हते. जहाजाचा वेग, दिशा व गेलेला वेळ यांच्या हिशेबाने पूर्व-पश्चिम अंतराचा अंदाज बांधावा लागे. प्रवाह व वारे यांमुळे हा अंदाज अनेकदा चुके. म्हणून उत्तर-दक्षिण पसरलेला किनारा, उदा., कोकणचा, या नकाशांत तुलनेने बरोबर आढळतो; दोन किनाऱ्यांमधील पूर्व-पश्चिम अंतर मात्र पुष्कळदा चुकीचे असते.

मर्केटर याने १५६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रक्षेपणात कोणतीही स्थिर दिशा सरळ रेषेने दाखविता येते. तरीही डच जहाजांवर समान अंशांचे साधे नकाशे दीर्घकाळ वापरात राहिले. विषुववृत्तानजीकच्या समुद्रांत अशा नकाशांतील चूक फार मोठी नसे आणि त्यांवर अंतर मोजणे खलाशांना सोपे जाई.

उगम : नेदर्लंड्समधील एंकहाउझेन येथील अनुभवी खलाशी लूकास यान्सझोन व्हाखेनार याने स्पीगेल देर झेव्हार्ट (सागरगमनाचा आरसा) हा ग्रंथ १५८४–८५ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केला. पश्चिम यूरोपच्या किनाऱ्यांचे नकाशे व त्यांसोबत मार्गसूचना एकत्र छापलेला हा आरंभीचा संग्रह होय. त्याची इंग्रजी आवृत्ती १५८८ मध्ये निघाली आणि इंग्रज खलाशी अशा सर्वच नकाशासंग्रहांना व्हाखेनारच्या नावावरून ‘वॅगनर’ म्हणू लागले.

आशियाच्या किनाऱ्यांविषयीचे ज्ञान मात्र डचांना प्रथम पोर्तुगीजांकडून मिळाले. पोर्तुगीजांचे गोवा हे केवळ राजधानीचे शहर नव्हते, तेथे नकाशेही तयार होत. फेर्नाऊं व्हाझ दोराडो याने आपल्या प्रसिद्ध नकाशासंग्रहांपैकी काही १५६८ ते १५७१ या काळात गोव्यातच काढले. पोर्तुगीज राजसत्ता हे नकाशे गुप्त ठेवण्याची दक्षता घेत असे. ही गुप्तता भेदण्यात यान हाउखेन व्हान लिन्सखोतेन या डच तरुणाचा मोठा वाटा होता. गोव्याच्या आर्चबिशपचा लेखनिक म्हणून तो १५८३ मध्ये गोव्यास आला व सुमारे पाच वर्षे तेथे राहिला. मायदेशी परतल्यावर त्याने पोर्तुगीज मार्गसूचनांचे संकलन १५९५ मध्ये व इटिनेरारिओ हा प्रवासग्रंथ १५९६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात हिंदी महासागराचे नकाशे व गोवा शहराचा तपशीलवार आराखडा होता. पेट्रुस प्लान्सियस या धर्मोपदेशक भूगोलज्ञानेही पोर्तुगीज नकाशाकारांच्या कामाचा उपयोग करून १५९२ मध्ये जगाचा मोठा नकाशा छापला होता. १५९५ मध्ये कॉर्नेलिस द हाउटमान याच्या नेतृत्वाखाली डचांची पहिली जहाजे आशियाकडे निघाली, ती या सामग्रीच्या आधारावर.

कंपनीचे नकाशा-कार्यालय : डच ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना १६०२ मध्ये झाली. कंपनीने हेसेल खेरिट्स याची १६१७ मध्ये आपला नकाशाकार म्हणून नेमणूक केली. त्याच्या मृत्यूनंतर १६३३ मध्ये व्हिलेम यान्सझोन ब्लाऊ व १६३८ मध्ये त्याचा मुलगा योआन ब्लाऊ यांच्याकडे हे काम आले. अठराव्या शतकात इझाक द ग्राफ याने १७०५ ते १७४३ एवढा दीर्घकाळ ते सांभाळले. बटाव्हिया (जाकार्ता) येथेही कंपनीचे नकाशे काढण्याचे कार्यालय होते.

परत आलेल्या जहाजांच्या रोजनिश्या तपासून त्यांतील नव्या माहितीने मूळ नकाशा दुरुस्त करणे, हे या कार्यालयाचे मुख्य काम होते. दुरुस्त नकाशाच्या प्रती कमावलेल्या कातड्यावर हाताने काढीत, कारण कागद समुद्रावरील दमट हवेत टिकत नसे. प्रत्येक जहाजाला ठरावीक नकाशांचा संच देत व सफर संपल्यावर तो परत घेत. नकाशा हरविल्यास दंड होई. नकाशाकाराला गुप्ततेची शपथ घ्यावी लागे. पोर्तुगीजांची गुप्तता मोडून मिळविलेले ज्ञान डचांनी अशा रीतीने स्वतः गुप्त ठेवले. सामान्य खलाशांसाठी ॲम्स्टरडॅममधील खाजगी प्रकाशक छापील नकाशे विकीत. त्यांपैकी व्हान कोलेन घराण्याचा झे-फाकेल (सागरी मशाल) हा संग्रह १६८१ पासून निघू लागला. परंतु आशियाई समुद्रांचे नकाशे असलेला त्याचा सहावा भाग १७५३ मध्ये, म्हणजे पहिल्या भागानंतर सत्तर वर्षांहून अधिक काळाने प्रसिद्ध झाला.

दूरच्या किनाऱ्यांचे रेखाटन : अपरिचित किनारा नकाशावर कसा येत गेला याचे उत्तम उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलिया. व्हिलेम यान्सझोन याच्या ‘डौफकेन’ या जहाजाने १६०६ मध्ये केप यॉर्क द्वीपकल्पाचा पश्चिम किनारा पाहिला. मधली सामुद्रधुनी लक्षात न आल्याने तो न्यू गिनीचाच भाग समजला गेला. हेंड्रिक ब्रौवर याने १६११ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून पश्चिमी वाऱ्यांच्या साहाय्याने पूर्वेकडे जाऊन मग उत्तरेस वळण्याचा जलद मार्ग शोधला. उत्तरेस नेमके कोठे वळायचे हे रेखांशावर अवलंबून होते आणि रेखांश तर ठाऊक नसे. परिणामी अनेक जहाजे अपेक्षेपेक्षा पूर्वेस गेली. १६१६ मध्ये डिर्क हार्टोग अशाच प्रकारे ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचला. १६२९ मध्ये तीनशेहून अधिक माणसे असलेले ‘बटाव्हिया’ हे जहाज त्याच किनाऱ्याजवळील प्रवाळखडकांवर फुटले. खेरिट्सने अशा जहाजांच्या नोंदी जोडून या किनाऱ्याचा नकाशा तयार केला होता. म्हणजे नकाशातील काही रेषा अपघातांतून मिळालेल्या माहितीच्या होत्या.

आबेल टास्मान याने १६४२–४३ व १६४४ मध्ये केलेल्या सफरींनंतर टास्मानिया, न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियाचा उत्तर किनारा यांचे काही भाग नकाशावर आले. जेथपर्यंत किनारा पाहिला तेथपर्यंतच रेषा काढून पुढील जागा कोरी सोडण्याची पद्धत या नकाशांत दिसते. ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा अशा रीतीने जेम्स कुकच्या १७७० मधील सफरीपर्यंत रिकामा राहिला. ही कोरी जागा नकाशाचा दोष नसून त्याचा प्रामाणिकपणा होय. पुढे वर्णन केलेल्या गोदावरीच्या बाबतीत मात्र यूरोपातील नकाशाकारांनी असा संयम पाळला नाही.

कोकण किनारा : कोकण किनाऱ्याचे पहिले पद्धतशीर वर्णन डचांचे नसून जुआंव द कास्त्रू या पोर्तुगीज आरमारी अधिकाऱ्याचे आहे. त्याने १५३८–३९ मध्ये गोव्याहून दीवपर्यंत प्रवास करून वाटेतील बंदरे व खाड्या यांचे मोजमाप घेतले, चित्रे काढली व होकायंत्राच्या सुईचे विचलन नोंदविले. डचांना या किनाऱ्यात विशेष रस निर्माण झाला तो गोव्याच्या नाकेबंदीमुळे. १६३६ पासून १६४४ पर्यंत डच आरमार मोसमी पाऊस संपल्यावर दरवर्षी गोव्यासमोर येऊन उभे राही. या आरमाराला पाणी, धान्य व बातम्या मिळाव्यात म्हणून डचांनी विजापूरच्या आदिलशाहीकडून परवानगी मिळवून १६३७ मध्ये वेंगुर्ले (सिंधुदुर्ग जिल्हा) येथे वखार घातली. तिचे अवशेष तेथे आढळतात. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडकांचा समूह असल्याने बंदरात शिरण्याची वाट नेमकी ठाऊक असणे आवश्यक होते. अशा ठिकाणी खोलीच्या आकड्यांना जीवनमरणाचे महत्त्व येई. १६६३ मध्ये डचांनी कोचीन जिंकल्यानंतर वेंगुर्ल्याचे महत्त्व उत्तरोत्तर कमी झाले.

हे ज्ञान डचांनी एकट्याच्या निरीक्षणातून मिळविले नव्हते. किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या गलबते चालविणारे तांडेल व मालम, अरब व गुजराती वाटाडे आणि पूर्वीचे पोर्तुगीज नकाशे या सर्वांचा त्यात वाटा होता. नकाशावर नाव मात्र रेखाटणाऱ्याचे किंवा कंपनीचे येई. दाभोळ, राजापूर, चौल अशी नावे पोर्तुगीज उच्चारांच्या वळणाने लिहिलेली आढळतात, त्यावरूनही या ज्ञानाची वाटचाल ध्यानात येते.

गोदावरीचे मुख : गोदावरी नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावून पैठण, गंगाखेड व नांदेड या गावांजवळून सुमारे १,४६५ किमी. अंतर वाहत जाऊन आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागरास मिळते [→ गोदावरी नदी]. लातूरच्या बाजूने येणारी मांजरा नांदेडच्या पूर्वेस कंदकुर्ती येथे तिला मिळते. राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरम् येथे गोदावरीच्या गौतमी व वसिष्ठा या शाखा होतात. या त्रिभुज प्रदेशाच्या आसपास डचांचा वावर दीर्घकाळ होता. दक्षिणेस मच्छलीपट्टण येथे सतराव्या शतकाच्या आरंभीच त्यांची वखार होती. पुढे पालकोल्लू, द्राक्षाराम व काकिनाड्याजवळील जगन्नाथपुरम् येथेही त्यांचा व्यापार चाले. वसिष्ठा शाखेवरील नरसापूर जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध होते. असे असूनही एवढी मोठी नदी तत्कालीन नकाशांत जवळजवळ आढळत नाही.

पोर्तुगीज इतिहासकार बारूश याने सोळाव्या शतकाच्या मध्यास किनाऱ्याचे वर्णन करताना गोदावरी नावाचे भूशिर व त्यालगतचे ठिकाण सांगितले, परंतु नदीचा उल्लेख केला नाही. लिन्सखोतेननेही भूशिराचेच नाव दिले. त्याच्या नकाशात कृष्णा स्पष्ट आहे, गोदावरी नाही. नंतरच्या सागरी नकाशांत हेच भूशिर ‘गॉर्देवार’ अशा रूपात येते. खलाशाच्या दृष्टीने ‘गोदावरी’ हे नदीचे नाव नसून वळसा घालावयाच्या टोकाचे नाव होते.

याची कारणे भूरचनेत व नकाशाच्या हेतूत शोधावी लागतात. त्रिभुज प्रदेशाचा किनारा अत्यंत सखल आहे. समुद्रातून पाहणाऱ्यास डोंगर किंवा उंच काठ दिसत नाही. गाळामुळे पाणी दूरवर उथळ असल्याने मोठी जहाजे किनाऱ्यापासून लांब राहत. नदीचे पाणी एकाच रुंद मुखाने न येता अनेक शाखांनी समुद्रात येते व प्रत्येक शाखेला जवळच्या बंदराचे नाव मिळते. त्यामुळे सागरी नकाशात एका महानदीऐवजी किरकोळ वाटणाऱ्या वेगवेगळ्या नद्या नोंदविल्या गेल्या. बंदरात शिरणाऱ्या जहाजाला एवढे पुरेसे होते. या शाखा वर जाऊन एकत्र होतात की नाही, हा त्याचा प्रश्न नव्हता.

नांदेड येथील नदी : दुसऱ्या बाजूस, नदीचा वरचा भाग जमिनीवरून प्रवास करणाऱ्यांना परिचित होता. डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रूके १६१७ मध्ये गुजरातच्या किनाऱ्यावर जहाजे गमावल्यावर दख्खन ओलांडून मच्छलीपट्टणला गेला. वाटेत त्याने मलिक अंबरची भेट घेतली. झां बातीस्त ताव्हेर्न्ये या फ्रेंच जवाहिऱ्याचा प्रवासग्रंथ १६७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुरतेहून औरंगाबादमार्गे गोवळकोंड्यास जाणारा रस्ता मुक्कामवार व कोसांच्या अंतरासह दिला आहे. त्यातील ‘नादूर’ हा मुक्काम म्हणजे नांदेड होय, असे अभ्यासक मानतात. तेथे नदी ओलांडावी लागते, दर गाडीमागे ४ रुपये द्यावे लागतात व सुभेदाराचा लेखी परवाना लागतो, असे तो सांगतो. मात्र ही नदी पुढे गंगेला मिळते, असेही तो नोंदवितो.

ही चूक कशी झाली असावी, हे मराठवाड्यातील वाचकास सहज उमगेल. गोदावरीला या भागात ‘गंगा’ असेच म्हणतात. तिच्या काठचा प्रदेश ‘गंगथडी’ होय. गंगाखेड या गावाच्या नावातही तोच शब्द आहे. काठावरील माणसाने परदेशी प्रवाशास ‘ही गंगा’ असे सांगितले असल्यास त्यात काहीच चूक नव्हती. प्रवाशाला गंगा एकच ठाऊक होती. यूरोपातील नकाशाकारांसमोर यामुळे विचित्र स्थिती उभी राहिली. त्यांच्याजवळ उगम व वरचा प्रवाह असलेली, पण मुख नसलेली ‘गंगा’ होती. आणि अनेक मुखे असलेली, पण प्रवाह नसलेली किनारपट्टी होती. ही दोन टोके जोडण्याऐवजी त्यांनी दख्खनची ‘गंगा’ ईशान्येकडे वळवून कटकजवळच्या महानदीला जोडली. १७६१ मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील युद्धाच्या वृत्तान्तातील एका लहान नकाशात गोदावरी व महानदी यांचे उगम एकमेकांत मिसळले असून तो प्रवाह पुढे गंगेच्या त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिम शाखांपर्यंत नेला आहे. भारताचा उत्कृष्ट नकाशा १७५२ मध्ये प्रसिद्ध करणारा फ्रेंच भूगोलज्ञ दांव्हील हाही अपवाद नव्हता. गोदावरी टोकाजवळची सखल जमीन अनेक शाखांनी छेदलेली आहे व नरसापूरची नदी ही त्यांपैकीच एक आहे, हे त्याला आपल्याजवळील एका हस्तलिखित नकाशावरून कळले होते. पण या शाखा ज्या नदीच्या ती नदी नांदेडवरून येते, हे त्याला उमगले नाही.

उपलब्ध असूनही न पोहोचलेले ज्ञान : खरी माहिती मुळीच नव्हती असे नाही. सु. १५९० च्या आईन-इ-अकबरी मध्ये वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना गंगा गौतमी ऊर्फ गोदावरी त्र्यंबकजवळ सह्याद्रीत उगम पावून अहमदनगरच्या मुलखातून वऱ्हाडात येते व पुढे तेलंगणात जाते, असे म्हटले आहे. गंगा नाव असले तरी उत्तरेकडील गंगेहून ती निराळी आहे, हेही तेथे स्पष्ट केलेले आहे. द कास्त्रू याने १५३८ मध्येच दख्खनच्या नद्यांची यादी देताना कृष्णा, भीमा, तापी यांबरोबर गोदावरीचा निर्देश केला, तिचे दुसरे नाव गंगा असल्याचे सांगितले व ती ओरिसाच्या बाजूस समुद्रास मिळते, असेही लिहिले. तत्कालीन राजकीय सीमा पाहता हे वर्णन बरोबर होते. परंतु त्याचा ग्रंथ हस्तलिखित स्वरूपातच राहिला व १८४३ मध्ये प्रथम छापला गेला. तोपर्यंत तीन शतके उलटली होती.

यात्रेकरूंच्या परंपरेत तर नदीच्या एकत्वाविषयी कधीच संदेह नव्हता. गुरू सिंह राशीत आला असता त्र्यंबकेश्वर-नाशिक येथे सिंहस्थ भरतो व त्याच योगावर राजमहेंद्री येथे गोदावरी पुष्करम् साजरे होते. उगमाजवळचा व मुखाजवळचा हा मेळा एकाच नदीचा आहे, ही गोष्ट दोन्हीकडील भाविकांना ठाऊक होती. हे ज्ञान नकाशाच्या भाषेत नव्हते, म्हणून नकाशाकारांच्या हिशेबात आले नाही.

दुरुस्ती : ही चूक जेम्स रेनेल याने निस्तरली. तरुणपणी नौदलात काम करून त्याने सागरी सर्वेक्षणाचे शिक्षण घेतले होते. पुढे १७६७ ते १७७७ या काळात तो बंगालचा सर्वेक्षणप्रमुख होता. हिंदुस्थानचा नकाशा त्याने १७८२ मध्ये व त्याचे विवरण करणारा ग्रंथ १७८३ मध्ये प्रसिद्ध केला. किनाऱ्याची चौकट जहाजांच्या निरीक्षणांवरून निश्चित करावयाची व आतील भाग सैन्याच्या कूचांतील व प्रवासवृत्तांतील कोसांची अंतरे पडताळून भरावयाचा, अशी त्याची पद्धत होती. कटकची नदी व गोदावरी एक मानण्यास कोणताच आधार नाही, असे त्याने दाखवून दिले. कृष्णा व महानदी यांच्या मुखांच्या दरम्यान एवढ्या मोठ्या नदीला सामावणारे मुखच नाही, अशा समजुतीमुळे पूर्वीचे नकाशाकार फसले असावेत, असा त्याचा तर्क होता. सागरी नकाशा व जमिनीवरील मार्गवृत्त यांची सांगड घातल्यावर नदी आपोआप पूर्ण झाली.

अचूक मोजणी मात्र पुढील शतकात झाली. विल्यम लॅम्टन याने १८०२ मध्ये मद्रास येथून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला. १८१५ मध्ये बीदरजवळ दामरगिद्दा येथे आधाररेषा मोजण्यात आली. तेथून त्रिकोणांची साखळी गोदावरीचे मधले खोरे ओलांडून वऱ्हाडाकडे गेली. १८२३ मध्ये हिंगणघाट येथे लॅम्टनचा मृत्यू झाल्यावर जॉर्ज एव्हरेस्टने ते काम पुढे चालविले. नांदेड-लातूरच्या परिसराचे स्थान अशा रीतीने प्रथमच समुद्राच्या आधाराशिवाय, जमिनीवरून जमिनीवर मोजून निश्चित झाले.

मूल्य व मर्यादा : डच कंपनी १७९९ अखेर संपुष्टात आली. तिचे हस्तलिखित नकाशे प्रामुख्याने हेग येथील राष्ट्रीय अभिलेखागारात असून लायडन विद्यापीठातही महत्त्वाचे संग्रह आहेत. डचांच्या भारतातील वखारींची कागदपत्रे चेन्नई येथील तमिळनाडू अभिलेखागारात आहेत. अनेक नकाशांच्या प्रतिमा आता संगणकावर पाहता येतात. बंदरांची जुनी नावे, लुप्त झालेल्या वखारींच्या जागा, खाड्यांत साचलेला गाळ आणि त्रिभुज प्रदेशाच्या किनाऱ्यात झालेले बदल यांच्या अभ्यासास हे नकाशे उपयुक्त आहेत. मात्र त्यांतील रेखांशाच्या चुका व एकाच नकाशावर वेगवेगळ्या काळातील माहिती एकत्र आलेली असण्याची शक्यता अभ्यासकाने ध्यानात घेतली पाहिजे.

जुन्या नकाशांचा पुरावा म्हणून उपयोग करताना गोदावरीचे उदाहरण विशेष मार्गदर्शक ठरते. एखाद्या गावाचे किंवा नदीचे नाव सागरी नकाशात नाही, यावरून ते ठिकाण त्या काळी नव्हते किंवा नगण्य होते, असा निष्कर्ष काढता येत नाही. ज्या काळात नांदेड येथे गाड्यांकडून उतारपट्टी घेतली जात होती व परवाने तपासले जात होते, त्याच काळात सागरी नकाशावर त्या जागी शीर्षकाची चौकट किंवा मोकळा कागद होता. नकाशाने जे दाखविले ते जहाजावरून दिसणारे जग होते. किनाऱ्यापासून शेकडो किमी. आत असलेल्या प्रदेशाचा इतिहास लिहिताना हे नकाशे नेहमी मार्गवृत्ते, दप्तरे, स्थानिक नावे व लोकपरंपरा यांच्या जोडीने वाचावे लागतात.